काकांना दिसलेला केशरी साप

सोमवार, १० मार्च

लक्सा पेटीत नाही.

सकाळी पाणी बदलायला तन्मयच्या खोलीत गेले तर काचपेटीचं झाकण एका कोपऱ्यात उचललेलं. आत नुसता भुसा, पाण्याची वाटी आणि नारळाची करवंटी. करवंटी उचलली, भुसा चाळला. मग पलंगाखाली, कपाटामागे, टेबलाच्या खणांत शोधलं. ऑफिसला कळवलं की पोट बिघडलंय.

लक्साबद्दल मी आजवर इथेसुद्धा एक अक्षर लिहिलेलं नाही. भीतीच होती. लक्सा हा माझ्या मुलाचा, तन्मयचा साप. कॉर्न स्नेक. बिनविषारी, दोन बोटांएवढा जाड, लांबीला माझ्या खांद्यापर्यंत येईल. रंग इथल्या लक्सा नूडल्सच्या केशरी रश्शासारखा, म्हणून हे नाव. तन्मयनं तो टेलिग्रामवरच्या कुणाकडून तरी आणला. आम्हाला पत्ता लागला तेव्हा तो घरात रुळलेला होता. या देशात साप पाळणं गुन्हा आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तेव्हाच काढायला हवा होता. तन्मय रडला, बारावीच्या वयाचा मुलगा रडला, आणि आम्ही आईबाप, मी आणि प्रबोध, विरघळलो.

आता तो नॅशनल सर्व्हिसला, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत आहे. आठवडाभर कॅम्पमध्ये, शनिवारी घरी. मधले दिवस लक्सा माझ्याकडे. फ्रीझरमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात त्याचे गोठवलेले उंदीर असतात आणि मी, बँकेत कम्प्लायन्सचं काम करणारी बाई, लोकांचे संशयास्पद व्यवहार शोधून वर कळवणारी, घरी येऊन ते उंदीर कोमट पाण्यात सोडते.

झाकणाच्या दोन्ही क्लिपा मी लावल्या होत्या. मला पक्कं आठवतंय.

मंगळवार, ११ मार्च

प्रबोध जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातून कंपनीच्या बसनं सातला आला. बूटही न काढता म्हणाला, "सापडला?" नाही म्हटल्यावर सोफ्यावर बसला. त्याचा सिटिझनशिपचा अर्ज आत गेलेला आहे. तन्मय गणवेशात आहे. "कुणाजवळ बोलायचं नाही," तो म्हणाला. "मॅनेजमेंट ऑफिसला नाही, गार्डला नाही, कुणालाच नाही. कुठेतरी पाइपात मरून जाईल."

मरून जाईल हे त्यानं इतकं सहज म्हटलं की मी उठून भात लावायला गेले.

तन्मयला फोनवर सांगितलं. "आई, चिल लाह. झाकण उघडं ठेव. ही विल कम बॅक वन." मग विचारलं, "तू क्लिप लावली होतीस ना?"

"अर्थात," मी म्हटलं.

शुक्रवार, १४ मार्च

संध्याकाळी अनघा आली. शेजारचंच दार तिचं; घरात नवरा विश्वास, मुलगी जाई आणि अनघाचे वडील, श्रीनिवासकाका. चपला नीट न काढताच बोलायला लागली. "सुचित्रा, बाबांना आज यार्डात साप दिसला."

यार्ड म्हणजे स्वयंपाकघरामागची वॉशिंग मशीनची जागा. आमचं आणि त्यांचं यार्ड एकाच भिंतीला लागून आहे, आणि बाहेरच्या बाजूनं एसीच्या यंत्रांचा कठडा दोन्हीकडे सलग जातो. हे मी आज पहिल्यांदा नीट लक्षात घेतलं.

"कसला साप?" मी विचारलं.

"तेच तर! केशरी म्हणतात. केशरी, आणि पाठीवर लाल नक्षी. विश्वास म्हणाला, बाबा, जाईचा खेळण्यातला असेल. तर भडकले. गार्ड आला, पेस्ट कंट्रोलचा माणूस आला. मशीन सरकवून बघितली, काही नाही. तो माणूस म्हणाला, इथे अजगर निघतात, पण ते तपकिरी. ऑरेंज नो, मॅडम." ती कपाळ चोळत होती. "मागच्या महिन्यात दोनदा गॅस चालू ठेवला त्यांनी. आता हे."

मी म्हटलं, "चहा टाकू?"

एवढंच म्हटलं. तिनं चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि गेली. दार लावलं. आणि खरं लिहायचं तर पहिली भावना आनंदाची होती. लक्सा जिवंत आहे.

शनिवार, १५ मार्च

श्रीनिवासकाका मिरजेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. काकू गेल्यानंतर अनघानं त्यांना इथे आणलं. दुपारी जाईची स्कूलबस यायच्या कितीतरी आधी ते खाली लॉबीत बाकावर जाऊन बसतात, जाईचं दप्तर स्वतः घेतात आणि वर येईपर्यंत तिला आकाशाचे रंग विचारतात. "निळा म्हणू नकोस. निळा कोणता?" घरून काम असलं की मीही कधी खाली त्यांच्याशेजारी टेकते. माझं मराठी दिवसभरात तेवढंच होतं.

आज लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "सुचित्रा, तुमच्याकडे नाही ना आला तो?"

"कोण, काका?"

"साप गं."

"नाही."

तन्मय बाजूला उभा होता. त्यानं मान खाली घालून फोन बघितला. घरात आल्यावर म्हणाला, "आई, वी शुड टेल आजोबा."

प्रबोध म्हणाला, "आणि मग? गुन्हा नोंदवून घ्यायचा तुझ्यावर?" तन्मय खोलीत गेला. दुपारभर एसीच्या कठड्याशी टॉर्च घेऊन बसला होता. काही सापडलं नाही.

बुधवार, १९ मार्च

काकांना तो पुन्हा दिसला. या वेळी पाइपावरून वर चढताना. त्यांनी जाईला हाक मारली, ती येईपर्यंत गायब. जाई घाबरून रडली. सापाला नाही, आजोबांच्या ओरडण्याला.

अनघा माझ्याकडे आली ती सरळ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. "तू बोलतेस त्यांच्याशी नेहमी. मला खरं सांग. भास होतायत का त्यांना?"

मी कोथिंबीर निवडत होते. निवडत राहिले. म्हटलं, "वयाचं असतं गं. एकदा डॉक्टरला दाखवून घे."

तिनं माझा हात धरला. इतका वेळ ताणलेला तिचा चेहरा एकदम सैल झाला. "तूच म्हणतेस म्हणजे... मला वाटत होतं मीच वाईट विचार करतेय. विश्वास केव्हाचा म्हणतोय की पुण्यात चांगल्या सोयी आहेत वृद्धांसाठी. चोवीस तास नर्स." बिचारीला माझा आधार वाटला. जाताना मिठी मारून गेली.

मी प्रबोधला एवढंच सांगितलं की काकांना डॉक्टरकडे नेतायत. तो म्हणाला, "चांगलंच आहे. या वयात तपासणी व्हायलाच हवी."

मलाही दिवसभर तसंच वाटत राहिलं. तपासणी वाईट थोडीच असते.

रविवार, २३ मार्च

अनघा आणि विश्वास जाईला पोहायला घेऊन गेले होते. काकांनी दार ठोठावलं. "जरा येतेस? दोन मिनिटं."

त्यांच्या खोलीत टेबलावर कागद पसरलेला. ऑइल पेस्टलनं काढलेला साप. केशरी, पाठीवर विटकरी ठिपके, प्रत्येक ठिपक्याला बारीक काळी किनार. पाइपाला विळखा घातलेला, त्यामुळे पोटाची थोडी बाजू दिसत होती. तिथे काळे-पांढरे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे.

लक्साचं पोट तसंच आहे. पेटीच्या काचेवर चढला की मला ते दिसतं.

"हे चौकोन बघ," काका म्हणाले. "हे मी मनानं कसे रचीन? साठ वर्षं चित्रं काढतोय. मनानं रचलेली रेघ आणि बघून काढलेली रेघ मला कळत नाही होय?"

"छान काढलंय, काका."

ते माझ्याकडे बघत राहिले. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं, पण वाट बघत. "छान आहे का ते विचारत नाहीये मी. तुला खरं वाटतं का?"

त्या क्षणी घरात आम्ही दोघंच होतो. मी सांगू शकले असते, फक्त त्यांना. कुणाला सांगू नका म्हटलं असतं तर त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नसतं.

मी म्हटलं, "काका, उन्हाची तिरीप पाइपावर पडली की कधीकधी..."

त्यांनी कागद गुंडाळला. "बरोबर," म्हणाले. "तिरीप."

गुरुवार, २७ मार्च

मेमरी क्लिनिक झालं. अनघानं लॉबीत गाठून सांगितलं. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाले. काकांनी वर्तुळ हातानं असं काढलं की डॉक्टर बघत राहिले, कंपास लागला नसता. पण आकडे सगळे एका बाजूला दाटले आणि काटे चुकले. "बाबांना कळलं चुकलंय ते," अनघा म्हणाली. "खोडरबर मागितला त्यांनी. डॉक्टरांनी दिला नाही."

विसराळूपणाची सुरुवात आहे म्हणे. त्यात भास, म्हणून रोज संध्याकाळी एक छोटी गोळी.

"भास" हा शब्द डॉक्टरांच्या कागदावर माझ्यामुळे गेलाय.

रविवार, ३० मार्च. पाडवा

बाल्कनीत छोटी गुढी उभारली. अनघाकडे जेवायला होतो. नाही कसं म्हणणार? काका ताटावर बसल्या बसल्या पेंगत होते. श्रीखंडाची वाटी तशीच राहिली. जाई त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होती. मी तिला विचारलं, "आजोबांबरोबर बसपासून वर नाही येत हल्ली?" ती म्हणाली, "ममा सेज नॉट सेफ. आजोबा सीज थिंग्ज, आंटी." सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

काका हसले. म्हणाले, "खरंय तिचं. मला भासच झाला असणार. केशरी साप असतो का कुठे?"

प्रबोधनं पुरी घेतली. मी त्याच्याकडे बघत होते, तो ताटाकडे.

वीस एप्रिलचं तिकीट काढलंय. पुण्यातल्या त्या सोयीत खोली मिळाली आहे, बाग आहे, डॉक्टर आहेत. अनघा फोटो दाखवत होती. मी म्हटलं, "किती स्वच्छ आहे."

घरी आल्यावर प्रबोधला म्हटलं, "आपण सांगू या." तो म्हणाला, "आता? आता सांगून काय होणार? साप आहे कुठे दाखवायला? उलट त्यांना वाटेल, म्हाताऱ्याचं मन राखायला बोलतेय." मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी बरं वाटलं, की चला, कुणीतरी नाही म्हणालं.

सोमवार, ७ एप्रिल

दुसरी क्लिप लावल्याचं मला आठवत नाही. डावी आठवते. उजव्या बाजूच्या वेळी फोन आला होता, आणि नंतर मी सरळ बाहेर आले असणार.

तन्मयला मेसेज करायला घेतला आणि पुसला.

शुक्रवार, ११ एप्रिल

आज जे झालं ते सगळं लिहून काढते.

शुक्रवारी मी घरून काम करते. तन्मयची काचपेटी गेल्या आठवड्यात आम्ही यार्डात आणून ठेवली होती, झाकण उघडंच, टाकून द्यायला. प्रबोध आणि मी दोघंही रोज टाळत होतो. सकाळी ठरवलं, आज ही खाली नेऊन ठेवायचीच. आतला भुसा काळ्या पिशवीत ओतायला पेटी तिरकी केली तर करवंटी घसरली, आणि तिच्याखालून लक्सा.

गुंडाळी करून, तोंड मधोमध ठेवून, अगदी जसा असायचा तसा. थोडा रोडावलेला. डोळ्यांवर दुधाळ पडदा, कात टाकायला आलेला. जिभेनं माझा वास घेतला. मी तिथेच फरशीवर बसले आणि म्हटलं, "अरे, कुठे होतास तू?" पोरगा उशिरा घरी आल्यावर विचारावं तसं. मग रडले. खूप रडले. आणि रडता रडता मला जो पहिला विचार सुचला, तो असा की सुटलो. आता कुणालाही कळायची गरज नाही.

तो विचार मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

प्रबोधला फोन केला. तो भराभर बोलायला लागला. तन्मयकडे त्या विकणाऱ्याचा नंबर आहे, तो परत घेईल, आजच. तासाभरात ठरलंसुद्धा. दुपारी ब्यूटी वर्ल्ड स्टेशनच्या बाहेर एक माणूस येणार. लक्साला उशीच्या अभ्र्यात घातलं, तोंडाला गाठ मारली आणि कापडी पिशवीत ठेवून वर कोबी ठेवला. कोबी! कम्प्लायन्सच्या बाईला शोभेल अशी युक्ती.

खाली लॉबीत काका बाकावर बसले होते.

"भाजीला?" त्यांनी विचारलं.

"हो काका. तुम्ही?"

"जाईची बस यायचीय."

"अनघा येते ना आता बसला?"

"येते की. मी आपला नुसता बसतो. लांबून बघतो, आली का नीट." जीभ जड झालेली होती, शब्द सावकाश येत होते. मग जरा पुढे वाकून, गुपित सांगावं तसं म्हणाले, "आता मला काही दिसत नाही हं. गोळी चांगली आहे. अनघालाही बरं वाटतं."

मी "छान" म्हटलं. देवाशपथ, मी छान म्हटलं आणि गेटबाहेर पडले.

बसस्टॉपवर उभी राहिले. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. पिशवीत लक्सा हलला. त्याचं वजन एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं, ते माझ्या मनगटाला कळलं. मला कुठलाही मोठा विचार सुचला नाही. एवढंच वाटलं, हे वजन मला लागतंय आणि तो माणूस तिकडे बाकावर बसून म्हणतोय की हे नव्हतंच. ड्रायव्हरनं दार लावलं. बस गेली.

परत आले तर काका तिथेच. म्हटलं, "काका, वर चला माझ्याबरोबर."

"बस यायचीय गं."

"चला ना. आत्ता चला."

अनघानं दार उघडलं. तिनं रजा घेतली होती, हॉलमध्ये काकांची बॅग उघडी, स्वेटर, औषधांचे डबे. मी कोबी काढून टेबलावर ठेवला. अभ्र्याची गाठ सोडायला मला नखं वापरावी लागली. अभ्र्याची कड दुमडली आणि लक्सानं डोकं वर काढलं.

अनघा भिंतीला जाऊन टेकली. किंचाळली नाही. "हे काय आहे?" म्हणाली. "सुचित्रा, हे काय आहे?"

"आमचा आहे. तन्मयचा. मार्चमध्ये सुटला होता."

काका पुढे आले. सावकाश, टेबलाची कड धरून. चष्मा वर सरकवला, खाली वाकले. लक्सा अभ्र्यातून थोडा बाहेर आला तसे पोटाचे चौकोन दिसले. काकांनी एक बोट पुढे केलं आणि त्याच्या पाठीवर अगदी हलकं टेकवलं.

"लहान आहे," ते म्हणाले. "मी मोठा काढला."

अनघानं विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून विचारलं तेव्हा?"

"हो."

"तेव्हा तू कोथिंबीर निवडत होतीस."

"हो."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात त्या गोळ्यांची पट्टी होती. ती नुसती धरून उभी राहिली.

काका खुर्चीवर बसले. माझ्याकडे वळले. "मी तुला चित्र दाखवलं, तेव्हाही?"

"तेव्हाही, काका."

"मला वाटलं होतं, तुला तरी कळेल." आवाज चढला नाही. "रोज सकाळी उठल्यावर मी हात लावून बघतो. खुर्चीला, पंख्याच्या बटणाला, खिडकीच्या गजाला. आहेत ना खरंच म्हणून. काल जाईच्या डोक्याला लावला, तर ती घाबरली."

मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाहीत आणि ते महत्त्वाचेही नाहीत. मग तिथूनच, त्यांच्यासमोर, प्राणी खात्याला फोन केला. नाव, पत्ता, मजला. कुणाचा साप, असं तिकडच्या बाईनं विचारलं तेव्हा म्हटलं, माझा.

प्रबोधला त्यानंतर कळवलं. त्यानं एकच शब्द लिहिला. "का?"

शनिवार, १२ एप्रिल

दोन अधिकारी आले, खूप सभ्य. लक्साला प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलं, झाकणाला भोकं होती. प्रश्न विचारले, सही घेतली. चौकशी होईल, बोलावतील. दंड की आणखी काही ते आत्ता सांगता येत नाही.

मी माझंच नाव सांगत होते. तन्मय कॅम्पमधून नुकताच आला होता, बूट हातात. तो मध्येच म्हणाला, "सर, इट्स माय स्नेक. आय बॉट हिम." मी त्याला गप्प करायला गेले. त्यानं माझ्याकडे न बघता मला थांबवलं. "आई, प्लीज. डोन्ट."

डबा लिफ्टमध्ये जाईपर्यंत तो दारात उभा होता. मग मला म्हणाला, "आजोबा ओके ऑर नॉट?" मी सांगितलं ते हात लावून बघण्याचं. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि डोळ्यांवर टोपी ओढून घेतली. मी त्याला क्लिपचं सांगितलं. तो म्हणाला, "आय न्यू लाह." म्हणजे पहिल्यापासून माहीत होतं, आणि त्यानं मला एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

प्रबोध बाल्कनीत होता. माझ्याशी अजून बोललेला नाही.

बुधवार, १६ एप्रिल

विश्वास लिफ्टपाशी भेटला. कोरडेपणानं सांगून गेला की डॉक्टरांनी गोळी बंद केली. पण विसराळूपणाचं निदान तसंच आहे. घड्याळ पुन्हा काढायला सांगितलं, पुन्हा चुकलं.

माझ्या मनात आलं, म्हणजे बरंच झालं की, या निमित्तानं लवकर कळलं. लिफ्ट खाली पोचेपर्यंत मी त्या विचाराशी छान नांदत होते. मग आरशात माझा चेहरा दिसला, समाधानी.

अशी आहे मी. चाळिशी उलटेपर्यंत मला हे माहीत नव्हतं.

रविवार, २० एप्रिल

काका गेले.

पुण्याच्या त्या खोलीत नाही. मिरजेला, स्वतःच्या घरी. त्यांचा भाचा तिथेच राहतो, तो म्हणाला मामा, या. हे त्यांनी स्वतः फोन करून ठरवलं. अनघानं आता राहा म्हणून विनवलं असं जाईनं मला सांगितलं. ती पुन्हा माझ्याशी बोलते, मुलं बोलतात. आजोबा म्हणाले म्हणे, "आधी मला पाठवत होतात. आता मी जातोय. जाऊ दे मला तसा."

मी खाली जावं की नाही हे ठरत नव्हतं. शेवटी गेले. टॅक्सीत बॅग ठेवत होते. जाई काकांचा हात धरून उभी होती, झाडाच्या पानांकडे बोट दाखवत ते तिला काहीतरी विचारत होते. आवाज स्वच्छ झाला होता. मला बघून थांबले.

वाकून नमस्कार केला. म्हटलं, "काका, मला माफ करा."

त्यांनी थोडा विचार केला. खरंच विचार केला, वरवर नाही. "माफ केलं म्हणेन गं," ते म्हणाले, "पण माझ्या किती दिवस लक्षात राहील कोण जाणे. उद्या पुन्हा राग येईल, का आला ते आठवणार नाही." डोक्यावर हात ठेवला. "तू लक्षात ठेव. माझ्या वाटचंही."

टॅक्सी गेली. अनघाही एअरपोर्टला गेली. तिनं माझ्याकडे बघितलं नव्हतं.

संध्याकाळी कचरा टाकून येताना मी लिफ्टमध्ये शिरले आणि दार बंद होता होता ती आली. मला बघून थबकली, मग आत आली. समोर तोंड करून उभी राहिली. डोळे सुजलेले. मी चारचं बटण दाबलं.

"सुचित्रा," ती दाराकडे बघतच म्हणाली, "तू त्या दिवशी वयाचं असतं म्हणालीस ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

मी कचऱ्याची रिकामी बादली खाली ठेवली.

"मला तेच ऐकायचं होतं. म्हणून तर तुझ्याकडे आले. साप खरा असता तर मला त्यांना पाठवता आलं नसतं." ती थांबली. "तुझा राग येतो तेव्हा हे आठवतं, आणि मग तुझ्यावर नीट रागावतासुद्धा येत नाही."

तिच्या हातात काकांचा खोडरबर होता. गडबडीत राहिला असणार, की त्यांनीच दिला, मी विचारलं नाही.

चौथा मजला आला. दार उघडलं. आमची दोन दारं समोर दिसत होती. ती हलली नाही, मीही हलले नाही. दार आपोआप बंद झालं, आणि लिफ्ट आम्हा दोघींना घेऊन तशीच उभी राहिली.